दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धा : मैदानामागचे काम

पाऊलखुणा

दिव्यांग खेळाडूंच्या मैदानी स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षे संयोजनाचे काम करतो आहे. कॉल रूम, म्हणजे स्पर्धेआधी खेळाडूंना बोलावून थांबवण्याची खोली, सांभाळणे आणि बसून फेकण्याच्या प्रकारांची मांडणी करणे ही दोन कामे प्रामुख्याने माझ्याकडे असतात. प्रेक्षकांना फेक दिसते, धाव दिसते, पदक दिसते. त्या काही क्षणांच्या आधी आणि नंतर काय काय घडते याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. ज्यांनी असे काम केले आहे, जे स्वतः खेळतात किंवा ज्यांच्या घरातले कोणी खेळते, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

माझे मत आधीच मांडतो. या कामासाठी मन मोठे असावे लागते, असे सर्रास म्हटले जाते. मन मोठे असावेच. परंतु स्पर्धेच्या दिवशी खेळाडूच्या उपयोगी पडतात त्या मोजपट्टी, वेळापत्रक आणि नियमपुस्तिका. रॅम्पची लांबी कमी पडली असेल तर कितीही आपुलकीने लावलेला हात ती उणीव भरून काढू शकत नाही. खेळाडूला दिवसभरात कोणाकडे काही मागण्याची वेळच येऊ नये, इतकी व्यवस्था आदल्या दिवशी उभी राहिलेली असली पाहिजे, आणि तेच आमचे खरे काम आहे असे मी मानतो.

बसून गोळा, थाळी किंवा भाला फेकणाऱ्यांचे उदाहरण घेऊ. एफ५१ ते एफ५७ या वर्गांतले खेळाडू (एफ म्हणजे फेकीसारखे मैदानी प्रकार, आकड्यावरून अक्षमतेचा प्रकार आणि तीव्रता कळते), तसेच सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्यांपैकी एफ३१ ते एफ३४ या वर्गांतले खेळाडू एका धातूच्या फ्रेमवर बसून फेक करतात. प्रत्येकाची फ्रेम वेगळी असते, त्याच्या शरीराच्या मापाने आणि त्याच्या ताकदीच्या अंदाजाने बनवलेली असते. गादी धरून आसनाची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे स्पर्धेआधी ती मोजावी लागते. फ्रेमचा कोणताही भाग, पायांच्या पट्टीसह, फेकीच्या वर्तुळाबाहेर जाता कामा नये. दुसऱ्या हाताने धरण्यासाठी काही जण पुढे एक उभा दांडा लावतात. तो सरळ आणि ताठ असावा लागतो, कारण वाकून परत उसळणारा दांडा फेकीला जोर देऊ शकतो.

आता ही फ्रेम जमिनीला घट्ट जखडायची असते. वर्तुळाभोवती जमिनीत बसवलेल्या कड्यांना पट्टे अडकवतात आणि खटका असलेल्या आवळणीने ते ताणतात. चार बाजूंनी चार माणसे एकाच वेळी ताण देत जातात, कारण एक बाजू आधी आवळली तर फ्रेम तिरकी बसते आणि खेळाडूचा रोख बदलतो. सगळे आवळून झाल्यावर आम्ही फ्रेम दोन्ही हातांनी मागेपुढे हलवून पाहतो. खेळाडू बसला की तोही जोराने झुकून पाहतो आणि बहुतेक वेळा म्हणतो, ‘‘मागचा डावा अजून थोडा.’’ त्याचे ते ऐकायचे असते. फेकीच्या शेवटच्या झटक्याला सगळा भार पुढे जातो आणि मागचा पाय अर्धा बोटभर जरी उचलला गेला, तरी महिनोन् महिने घोटलेली हालचाल बिघडते. त्यानंतर त्याचे पट्टे, मांड्यांवरून आणि कमरेवरून. कारण आसनावरून उठल्यास फेक बाद होते.

या बांधाबांधीमुळे स्पर्धेचा क्रमच बदलतो. उभ्याने फेकणारे आळीपाळीने एकेक फेक करतात. बसून फेकणाऱ्याची फ्रेम एकदा बांधली की त्याच्या सगळ्या फेकी लागोपाठ घेतल्या जातात आणि मग पुढच्याची फ्रेम येते. नेहमीच्या गोळाफेकीच्या हिशेबाने वेळापत्रक आखणाऱ्या संयोजकांचे गणित येथे हमखास चुकते, आणि त्याची किंमत रांगेत शेवटी असलेला खेळाडू उन्हात बसून मोजतो. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेखालच्या भागात पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे त्यांचे शरीर स्वतःहून थंड होत नाही. त्यांच्यासाठी सावली, बर्फ आणि पाण्याचा फवारा हा उपचाराचा भाग आहे. म्हणून मी सर्व खेळाडूंना एकदम मैदानावर नेत नाही; दोघे-तिघे पुढे, बाकीचे कॉल रूममध्ये सावलीत, असे टप्पे पाडतो.

कॉल रूमविषयी पुढे लिहीनच. आधी इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

चाकदुरुस्ती

उत्तम विषय. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे माझ्या बाजूचे लिहितो.

मोठ्या स्पर्धांत दुरुस्तीची कार्यशाळा ही आता गृहीत धरलेली सोय आहे. पॅरालिम्पिकमध्ये १९८८ च्या सोलपासून ऑटोबॉक या कंपनीचे तंत्रज्ञ ही सेवा देत आले आहेत, आणि कोणत्याही देशाचा खेळाडू तेथे जाऊ शकतो. छोट्या स्पर्धांत मात्र ‘‘दुरुस्तीवाला कशाला, ज्याची त्याची खुर्ची ज्याने त्याने पाहावी’’ असे अजूनही ऐकू येते. व्हीलचेअर रग्बीचा एक सामना ज्याने जवळून पाहिला आहे तो असे म्हणणार नाही. तेथे खुर्च्या एकमेकींवर आदळणे हा खेळाचाच भाग आहे. ट्यूब फुटतात, आरे वाकतात, पुढच्या छोट्या चाकांचे बेअरिंग जाते. चाक उपसून दुसरे बसवायला आमच्या हाताशी मोजका वेळ असतो.

आमच्या पेटीत सर्वांत जास्त खपणाऱ्या वस्तू अगदी साध्या असतात: ट्यूब, आरे, षट्कोनी पाने, प्लास्टिकच्या बांधण्याच्या पट्ट्या, चिकटपट्टी आणि फेस. फेस म्हणजे गादीचा स्पंज. बसण्याची जागा जरा जरी टोचत असेल आणि खेळाडूला तेथे संवेदना नसेल, तर त्याला ते कळत नाही आणि संध्याकाळपर्यंत जखम तयार होते. म्हणून खुर्ची दुरुस्तीला आली की मी न सांगता गादीखाली हात फिरवून पाहतो.

कृत्रिम पायांचे दुखणे वेगळे. उष्णतेने आणि दिवसभराच्या वापराने उरलेल्या पायाची जाडी कमीजास्त होते, आतल्या आवरणात घाम साचतो आणि सकाळी नेमका बसलेला पाय दुपारी सैल किंवा घट्ट होतो. धावण्याचे पाते (ब्लेड) वेगळे आणि रोजचा पाय वेगळा, त्यामुळे अदलाबदल करायला बाक, आडोसा आणि कोरडा टॉवेल ही आमची किमान मागणी असते. दरवेळी करावी लागते, हे दुर्दैव.

आणखी एक काम, जे कोणाच्याच यादीत नसते. शर्यतीच्या तीन चाकी खुर्चीत खेळाडू सुरुवातीच्या रेषेवर बसतो आणि त्याची रोजची खुर्ची तेथेच मागे राहते. १०० मीटरची शर्यत संपते तेव्हा तो दुसऱ्या टोकाला असतो. ती खुर्ची कोणी न्यायची? जलतरणातही तेच, खेळाडू पाण्यातून जेथे बाहेर येणार, तेथे त्याची खुर्ची, कुबड्या किंवा पाय आधी पोहोचलेले हवेत. नाहीतर जिंकलेला माणूस काठावर ओला बसून राहतो.

पाऊलखुणा

चाकदुरुस्ती यांनी शेवटी जे लिहिले ते प्रत्येक संयोजकाने वाचावे. आम्ही याकरिता दोन जणांची स्वतंत्र जोडी नेमतो, जिला दुसरे कोणतेही काम दिले जात नाही. प्रत्येक खुर्चीला खेळाडूच्या छातीवरच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधली जाते, आणि खुर्ची ढकलत न्यायची, तिच्यावर पिशव्या रचायच्या नाहीत, कोणी बसायचे तर मुळीच नाही, हे बजावून सांगितले जाते. रोजची खुर्ची म्हणजे त्या माणसाचे पाय आहेत.

विहंग

मी स्वतः व्हीलचेअरवर आहे आणि पूर्वी ट्रॅकवर उतरत असे, आता प्रशिक्षण देतो. खेळाडूच्या बाजूने काही गोष्टी स्पष्ट लिहितो, कारण त्या बोलायला संकोच वाटतो म्हणून त्या कायम मागे पडतात.

पहिली गोष्ट स्वच्छतागृहाची. आमच्यापैकी कित्येकांना ठरावीक वेळाने नळीने लघवी काढावी लागते. त्यासाठी स्वच्छ जागा, हात धुण्याची सोय, वस्तू ठेवायला फळी आणि खुर्चीसह आत वळण्याइतकी मोकळी जागा लागते. दीड मीटरचे वर्तुळ मावले पाहिजे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, कारण आत पडलेल्या माणसाला आत उघडणाऱ्या दारातून बाहेर काढता येत नाही. एका स्पर्धेत आमच्यासाठी राखलेल्या स्वच्छतागृहात संयोजकांनी पाण्याचे खोके रचून कुलूप लावले होते आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. त्या दिवशी अनेक खेळाडूंनी पाणी पिणे बंद केले. उन्हात, शर्यतीच्या आधी, पाणी पिणे बंद! याचा परिणाम वेळांवर झाला हे वेगळे सांगायला नको, परंतु निकालपत्रकात असे कारण कोठे नोंदले जात नाही.

ही केवळ गैरसोय नाही, हे डॉक्टर मंडळी अधिक अधिकाराने सांगतील. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर मज्जारज्जूला इजा असेल तर तुंबलेले मूत्राशय, दुमडलेली नळी किंवा घट्ट आवळलेला पट्टा एवढ्यानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर चढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी त्या माणसाला आडवे करायचे नसते; ताठ बसवायचे, पट्टे सैल करायचे, नळी पाहायची आणि डॉक्टरांना बोलवायचे. चक्कर आली असे समजून भल्या मनाने आडवे करणारे लोक मी पाहिले आहेत. कॉल रूममधल्या प्रत्येकाला हे एवढे तरी शिकवलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट उचलून नेण्याची. १९६० मध्ये रोमला जी स्पर्धा झाली, जिला आज पहिले पॅरालिम्पिक मानतात, तेथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू होते आणि राहण्याच्या इमारतींचे जिने चढवण्यासाठी सैनिकांना त्यांना उचलून न्यावे लागत असे. त्या काळी ती कौतुकाची गोष्ट ठरली असेल. आज एखाद्या मैदानावर चार तगडी मुले ‘‘काळजी करू नका, आम्ही उचलतो’’ असे हसून म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, परंतु ज्याने ते मैदान निवडले त्याचा येतो. उचलताना खांदा दुखावला तर माझी शर्यत संपली. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा रॅम्प, एवढे साधे प्रमाण आहे. ते जमत नसेल तर स्पर्धा दुसरीकडे घ्यावी.

निळीशाई

विहंगदादा, तुम्ही हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार.

मी महाविद्यालयात शिकते आणि लवकरच एका स्पर्धेत पहिल्यांदाच स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. आम्हाला टी-शर्ट आणि ओळखपत्र मिळाले आहे, परंतु काय करायचे याची माहिती ‘‘खेळाडूंना सर्वतोपरी मदत करावी’’ एवढ्या एका वाक्यात दिली आहे. माझी भीती अशी आहे की मी मदत करायला जाईन आणि समोरच्याला ते अपमानकारक वाटेल. किंवा त्या भीतीने मी लांब उभी राहीन आणि कोणाला खरोखरच गरज असेल. पाऊलखुणाकाका, आपण नव्या लोकांना काय सांगता?

पाऊलखुणा

प्रश्न अगदी योग्य आहे. सर्वतोपरी मदत करा असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

आधी तुला नेमून दिलेली जागा आणि काम विचारून घे, आणि त्या जागेचा नकाशा पाठ कर: जवळचे सुलभ स्वच्छतागृह, रॅम्प, वैद्यकीय कक्ष, दुरुस्तीचे टेबल, पाणी. खेळाडू दहापैकी नऊ वेळा हेच विचारतात, आणि झटकन मिळालेले अचूक उत्तर हीच सर्वांत मोलाची मदत असते.

न विचारता कोणाच्या खुर्चीला हात लावायचा नाही. ‘‘हात देऊ का?’’ असे विचारायचे. नाही म्हटले तर नाही. हो म्हटले तर कसा द्यायचा हेही त्यांनाच विचारायचे. दृष्टिहीन व्यक्तीजवळ जाताना आधी नाव सांगायचे, मग आपले कोपर पुढे करायचे, म्हणजे ती व्यक्ती ते धरून अर्धे पाऊल मागून चालते. तिला दंडाला धरून पुढे ढकलायचे नाही. निघून जाताना ‘‘मी जाते आहे’’ हे सांगायला विसरू नकोस, नाहीतर ती व्यक्ती मोकळ्या हवेशी बोलत राहते. कर्णबधिर खेळाडूशी बोलताना चेहरा त्याच्याकडे, उजेडात. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचे उच्चार सावकाश येतात त्याचे वाक्य आपण पूर्ण करायचे नाही, थांबायचे. कळले नाही तर कळल्यासारखी मान न हलवता पुन्हा विचारायचे. आणि प्रश्न ज्याच्याविषयी आहे त्यालाच विचारायचा, त्याच्या सोबत्याला नव्हे.

भीती वाटते आहे हे चांगले लक्षण आहे. ती दुसऱ्या दिवशी राहत नाही.

दोरीचे_दुसरे_टोक

मी दृष्टिहीन धावपटूसोबत धावतो. टी११ या (टी म्हणजे ट्रॅक) पूर्ण किंवा जवळजवळ दृष्टिहीनांच्या वर्गात धावपटूच्या डोळ्यांवर पट्टी असते, सर्वांची परिस्थिती समान राहावी म्हणून, आणि सोबत गाईड असतो. आम्हा दोघांना एका छोट्या दोरीने बांधलेले असते. मला त्याला ओढता येत नाही, ढकलता येत नाही, आणि अंतिम रेषा त्याने माझ्या आधी ओलांडली पाहिजे. आम्हा प्रत्येक जोडीला ट्रॅकवरचे दोन पट्टे (लेन) मिळतात, म्हणून आठ पट्ट्यांच्या ट्रॅकवर एका वेळी चारच धावपटू धावतात. हे माहीत नसलेले स्वयंसेवक आम्हाला एकाच पट्ट्यात उभे करू पाहतात किंवा मला ‘‘सोबतच्यांनी बाहेर थांबावे’’ असे सांगून अडवतात. कॉल रूमच्या दारावरच्या माणसाला गाईड हा स्पर्धकांतलाच एक आहे, एवढे ठाऊक असावे.

दोरी हातातून सुटू न देण्याचा नियम किती कडक आहे ते २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सर्वांनी पाहिले. स्पेनची एलेना काँगोस्त टी१२ (अंशतः दृष्टी असलेल्यांच्या) मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषा काही पावलांवर असताना गाईडच्या पायात गोळा आला, तो पडू लागला आणि त्याला सावरण्यासाठी तिने क्षणभर दोरी सोडली. ती बाद ठरली आणि कांस्यपदक जपानच्या मिसातो मिचिशिता हिला मिळाले. त्या निर्णयाविषयी पुष्कळ चर्चा झाली. माझे मत विचाराल तर तिने जे केले ते कोणत्याही माणसाने केले असते, आणि तरीही रेषेवर उभ्या असलेल्या पंचाची मला तेवढीच कणव येते, कारण त्याच्यापुढे नियम स्पष्ट होता.

आवाजाविषयीही लिहायला हवे. दृष्टिहीनांच्या लांब उडीत सहकारी खड्ड्याजवळ उभा राहून टाळ्या वाजवतो किंवा हाका देतो आणि उडी मारणारा त्या आवाजाच्या दिशेने धावतो. उडीसाठी अरुंद फळीऐवजी एक मीटर लांबीचा चौकोन असतो. त्यावर पांढरी भुकटी पसरतात आणि पायाचा ठसा जेथे उमटेल तेथून अंतर मोजतात. दर उडीनंतर ती भुकटी सारखी करणारा स्वयंसेवक हा माझ्या लेखी फार मोठा माणूस आहे. त्याच वेळी पलीकडे कोणी तरी ध्वनिक्षेपकावरून पाहुण्यांचे स्वागत करू लागला तर सगळे व्यर्थ. निवेदकाच्या शेजारी एक माणूस बसवा, ज्याची नजर उडीच्या धावपट्टीवर असेल आणि जो हात वर करताच निवेदक थांबेल.

शांतरेषा

आवाजाचा विषय निघाला म्हणून गोलबॉल या दृष्टिहीनांच्या खेळाबद्दल, ज्यात चेंडू जमिनीवरून टाकून गोल करायचा असतो. प्रत्येक बाजूला तीन खेळाडू, सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी, १८ बाय ९ मीटरचे मैदान आणि घुंगरू असलेला सव्वा किलोचा चेंडू. मैदानाच्या रेषा हाताला आणि पायाला जाणवाव्या लागतात, म्हणून आधी दोरी अंथरून तिच्यावर चिकटपट्टी लावतात. हे काम आम्ही गुडघ्यांवर बसून करतो. सुतळी मध्येच सुटली किंवा पट्टीखाली हवा राहिली तर खेळाडूची बोटे चुकीच्या जागी थांबतात. म्हणून लावून झाल्यावर आम्ही डोळे मिटून पूर्ण रेषेवरून हात फिरवत जातो. सामना सुरू असताना सभागृहातले पंखे, दार, फोन, सगळे बंद. गोल झाल्यावर मात्र हवा तेवढा जल्लोष करावा.

बोचियामध्ये, म्हणजे लक्ष्य-चेंडूच्या जवळ आपले चेंडू टाकण्याच्या खेळात, मला मोह आवरण्याचा एक वेगळाच नियम आढळला. बीसी३ वर्गातले खेळाडू हाताने चेंडू टाकू शकत नाहीत, ते उतरत्या पन्हाळीसारख्या रॅम्पवरून तो सोडतात. रॅम्प हलवणारा सहायक मैदानाकडे पाठ करून बसतो आणि त्याने वळून पाहायचे नसते. खेळाडू सांगेल तेवढाच रॅम्प डावीकडे, तेवढाच उजवीकडे. अंदाज पूर्णपणे खेळाडूचा.

फिजिओ_मैथिली

वर्गीकरणाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. खेळाडूंचा सर्वांत जास्त ताण आमच्या खोलीबाहेर असतो.

कोणत्या वर्गात खेळायचे हे ठरवण्यासाठी आधी वैद्यकीय कागदपत्रे पाहिली जातात, मग स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, समन्वय यांची तपासणी होते, त्या खेळातल्या हालचाली करून घेतल्या जातात, आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष स्पर्धेतही निरीक्षण केले जाते. एखाद्याचा वर्ग बदलला की काल पदकाच्या जवळ असलेला खेळाडू आज मागे पडतो. आई-वडील रडतात, प्रशिक्षक भांडतात. आमचा निर्णय बरोबर असला तरी तो सांगायची पद्धत निष्ठुर असू नये, म्हणून निकाल बंद खोलीत, खेळाडूशी थेट बोलून, लेखी कारणासह दिला जावा असा माझा आग्रह असतो. दारावर यादी चिकटवणे मला मान्य नाही.

हे इतके काटेकोर का, असे नवीन लोक विचारतात. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्णपदक मिळवले आणि नंतर उघड झाले की संघातल्या १२ पैकी १० खेळाडूंना अशी अक्षमताच नव्हती. त्या फसवणुकीची शिक्षा जगभरच्या निरपराध खेळाडूंना झाली. बौद्धिक अक्षमतेचे सर्व प्रकार पॅरालिम्पिकमधून वगळले गेले आणि २०१२ च्या लंडनपर्यंत परतले नाहीत. इतकी वर्षे म्हणजे एका खेळाडूची संपूर्ण कारकीर्द.

पडद्यामागे याचा भार संगणकावर बसलेल्या मुलांवर पडतो. संध्याकाळी वर्ग बदलला की सकाळच्या शर्यतींच्या याद्या रात्रीत पुन्हा कराव्या लागतात, पट्टे बदलतात, आणि प्रत्येक संघाला ते कळवावे लागते. त्या मुलांना रात्रीचे जेवण पोहोचते की नाही हे मी स्वतः पाहते.

आईची_नोंदवही

वरचे सर्व वाचले आणि पुष्कळ शिकायला मिळाले. एका मुद्द्यावर मात्र मला वेगळे मांडायचे आहे.

माझ्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, तो टी२० वर्गात धावतो. पाऊलखुणा यांनी लिहिले आहे की खेळाडूला कोणाकडे काही मागावेच लागू नये आणि न विचारता हात लावू नये. माझ्या मुलाच्या बाबतीत व्यवस्था म्हणजे रॅम्प किंवा जमिनीत बसवलेले कडे नव्हे. व्यवस्था म्हणजे ओळखीचा माणूस. सकाळी ज्या ताईने त्याला कॉल रूमपर्यंत नेले, ती दुपारी बदलली आणि तेच टी-शर्ट घातलेला दुसराच कोणी आला, तर तो जागचा हलत नाही. त्याला प्रश्न विचारला की तो ‘‘हो’’ म्हणतो, कारण ‘‘हो’’ म्हटल्यावर लोक खूश होतात हे त्याला ठाऊक आहे. ‘‘पाणी हवे का?’’ हो. ‘‘नको ना?’’ हो. त्याला पाणी समोर धरून दाखवावे लागते. गर्दीत त्याला हात धरून चाललेले आवडते आणि तो आपणहून हात पुढे करतो. नियमाचा धाक बसलेल्या एका स्वयंसेवकाने तो हात धरला नाही, तेव्हा तो फार कष्टी झाला.

तेव्हा मोजपट्टी आणि नियमपुस्तिका हवीच, परंतु मायेला दुय्यम मानू नये, एवढी विनंती.

पाऊलखुणा

ताई, तुमचे म्हणणे मला पटले आणि माझ्या पहिल्या लेखनात ही बाजू आलेली नव्हती, हेही मान्य करतो. शारीरिक अक्षमतेच्या खेळाडूंबरोबर अधिक काम केल्यामुळे माझी नजर अंतराकडे आणि उंचीकडे आधी जाते. तरीही मला वाटते की तुम्ही सांगितलेली माया वेळापत्रकात उतरली तरच ती तुमच्या मुलापर्यंत पोहोचेल. दिवसभर एकच स्वयंसेवक हवा असेल तर त्याची पाळी तशी लावावी लागेल, त्याच्या जेवणाच्या वेळी दुसरा येणार असेल तर दोघांनी आधी एकत्र येऊन मुलाला भेटावे लागेल, आणि आदल्या दिवशी त्याला ट्रॅक, कॉल रूम, बंदुकीचा आवाज हे सगळे एकदा दाखवून ठेवावे लागेल. तो हात पुढे करतो, हे त्याच्या स्वयंसेवकाच्या कागदावर लिहिलेले असावे. पुढच्या स्पर्धेच्या प्रवेशिकेत ‘‘आम्हाला काय माहीत असायला हवे?’’ असा एक मोकळा रकाना ठेवण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. त्यात काय विचारावे हे आपण कळवावे.

आईची_नोंदवही

अवश्य कळवते. तीन गोष्टी आत्ताच सांगते: कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, आणि ‘‘हो’’ म्हणाला तर ते खरे समजावे का.

निळीशाई

या तीन प्रश्नांचा मला आमच्या प्रशिक्षणातही उपयोग होईल, ताई. मैत्रिणीला कर्णबधिरांच्या धावण्याच्या शर्यतींसाठी नेमले आहे. तेथे बंदुकीऐवजी काय असते?

दोरीचे_दुसरे_टोक

प्रत्येक धावपटूच्या समोर जमिनीवर दिवे असतात. सज्ज होण्याचा, तयार राहण्याचा आणि निघण्याचा इशारा दिव्यांच्या रंगांनी मिळतो. कर्णबधिरांच्या स्पर्धा स्वतंत्र भरतात आणि त्यांची परंपरा पॅरालिम्पिकहूनही जुनी आहे. पहिल्या जागतिक स्पर्धा १९२४ मध्ये पॅरिसला झाल्या. मैत्रिणीला सांगा की दिव्यांवर थेट ऊन पडत असेल तर आडोसा लावून घ्यावा आणि स्वतः खाली वाकून, धावपटूच्या नजरेच्या उंचीवरून, प्रत्येक दिवा दिसतो का ते पाहावे.

विहंग

पदक वितरणाबद्दल थोडे. व्यासपीठाला रॅम्प असावा हे सर्वांना पटते, परंतु तो मागच्या बाजूला, पडद्याआड लावतात आणि विजेता बाजूच्या अंधारातून अवतरतो. समोरून, सर्वांना दिसेल असा लावावा. दृष्टिहीन विजेत्यांसाठी पदकांतही विचार झालेला आहे: २०१६ च्या रिओतील पदकांत बारीक गोळ्या होत्या आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचा आवाज वेगवेगळा येत असे, टोकियोच्या पदकांच्या कडेला खाचा होत्या, सुवर्णाला एक, रौप्याला दोन, कांस्याला तीन. छोट्या स्पर्धेत खर्च नको असेल तर फितीला गाठी मारल्या तरी चालते.

चाकदुरुस्ती

गाठींची कल्पना आवडली, पुढच्या वेळी करून पाहू.

निळीशाई, तुमच्या संयोजकांकडे दुरुस्तीचे टेबल आहे का ते आजच विचारा. नसेल तर निदान उभा पंप, दोन्ही प्रकारच्या वाल्व्हना बसणारे तोंड, षट्कोनी पान्यांचा संच आणि जुन्या ट्यूब एका पेटीत घालून ती कॉल रूमजवळ ठेवायला सांगा, आणि पेटी कोठे आहे ते प्रत्येक संघाच्या प्रमुखाला सकाळीच दाखवून ठेवा. खेळाडूंपैकी पुष्कळांना स्वतःची खुर्ची आमच्यापेक्षा चांगली दुरुस्त करता येते. त्यांना फक्त पाना हवा असतो.

निळीशाई

विचारले. टेबल नाही, परंतु पेटीला परवानगी मिळाली आहे आणि पंप मी घरून नेणार आहे. रोजच्या खुर्च्या पलीकडच्या टोकाला नेण्याच्या कामासाठी कोणी नेमलेले नव्हते, तेव्हा ते काम मी आणि आणखी एक मुलगी मागून घेतले आहे. चिठ्ठ्यांसाठी जाड पुठ्ठा आणि नाडी आणून ठेवली आहे; क्रमांकांची यादी आदल्या संध्याकाळी हातात पडेल.